धुतलेला खडक

जुन्नरमध्ये माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. घाटाच्या वाटेवर मढजवळ हॉटेल असलेले एक गृहस्थ दर बाजाराच्या दिवशी तिथे येतात. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. टाक्यांच्या काचेवर अंगठी आपटत फिरतात आणि मासे दचकले की खूष होतात. मी टोकलं की म्हणतात, "खेळवतोय राव."

त्यांना हॉटेलात खाऱ्या पाण्याची टाकी हवी होती. मी सांगितलं, "कोरडा, भोकाभोकांचा खडक घ्या. खाऱ्या पाण्यात काही महिने ठेवला की त्यात जिवाणू वसतात, तेच पाणी साफ राखतात. समुद्रातला जिवंत प्रवाळखडक मात्र नको. तो फोडणं गुन्हा आहे."

"एवढा येळ कुणाला हाय? सीझन तोंडावर आलाय."

गेल्या आठवड्यात ते गोणी घेऊन आले. किनाऱ्यावरच्या कुणाकडून तरी त्यांनी तोच जिवंत खडक फोडून आणवला होता. गोणी उघडली तर खडक पांढराफटक, ब्लीचिंग पावडरचा वास, आणि एका भोकात नखाएवढा खेकडा मरून पडलेला.

"लई घाण मारत व्हता," ते कौतुकाने म्हणाले. "हाटेलातल्या बायांकडनं ब्रशनं घासून घेतला."

माझा आवाज चढला. "अहो, जिवंत होता तो! मरत होता म्हणून वास येत होता! मी तुमची टाकी बसवणार नाही."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मोबाइल काढला.

"मनाला कशाला लावून घेता भाऊ? थांबा, दुसरा मागवतो."