दादाकडची गाडी

माझं बाळंतपण करायला आई पुण्याहून जर्मनीत, बॉबलिंगेनला आली, तेव्हा माझं माहेरच इथे आलंय असं मी ऐटीत सगळ्यांना सांगत होते. विमानाने आलेलं ते माहेर महिन्याच्या आत रेल्वेने निघून गेलं.

आईचे नियम कडक. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, कानाचा रुमाल सोडायचा नाही, खिडकी उघडायची नाही. घरी तपासायला येणारी हेबामे, म्हणजे इथली सुईण, दर वेळी सांगायची की बाळाला मोकळ्या हवेत फिरवून आण. आई हसून तिला चहा द्यायची आणि तिची पाठ वळली की खिडकी लावून घ्यायची. "हिला काय कळतंय बाळंतिणीचं!"

मग स्वित्झर्लंडहून दादाचा फोन आला. वहिनीची नोकरी पुन्हा सुरू झालेली, मुलाला किटात, म्हणजे पाळणाघरात, जागा मिळत नव्हती. "आईला जरा लवकर पाठव. तुझं आता रुळलंय ना सगळं?" रुळलंय म्हणे! माझे टाके अजून ओढत होते.

"नाही म्हण त्याला," मी आईला म्हटलं.

ती डिंकाचे लाडू वळत होती. "अगं, त्याची अडचण आहे. तू काय, निभावून नेशील." लहानपणापासून हेच ऐकत आलेय मी. निभावून नेणाऱ्याच्या वाट्याला दुसरं काय येणार?

दादाकडे जायला सीमेपलीकडच्या पहिल्याच स्विस गावात गाडी बदलायची होती. तिथल्या स्टेशनात जर्मन गाड्याही येतात आणि स्विसही, आणि आईला तिथली भाषा परकी. दादाला मीटिंग, नवऱ्याला झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातून रजा नाही. मग पोहोचवायला कोण? तर बाळंतीण, पोटाशी बाळ बांधून. निघताना आईने माझा रुमाल कानांवर घट्ट आवळला, पण सव्वा महिन्याचं नाव काढलं नाही.

आमची गाडी वाटेत शेतात थांबली ती हलेचना. डब्यातली माणसं घड्याळं बघून वैतागली होती. मी मनात म्हणत होते, थांब गं बाई, अजून थोडी थांब. स्विस गाडी काही कुणासाठी खोळंबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती चुकली की आई दमून म्हणेल, चल, घरी जाऊ. मग मी दादाला ठणकावून सांगणार होते की आता सव्वा महिना झाल्यावरच.

आम्ही पोहोचलो तेव्हा समोरचा फलाट रिकामा होता. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की हसूच आलं.

"चुकली गं आई. चल घरी. आपली परतीची गाडी ती काय, पलीकडे लागलीये."

आई बाकावर टेकली. बॅग तिने पायाशी ओढून घेतली. "दादाकडची पुढची कधी आहे?"

"तासाभराने. पण एवढा वेळ कुठे बसतेस थंडीत?"

"ह्याच फलाटावर येईल ना? मग मी बसते की. आता बदलायची भानगड नाही, तिकडे तो घेईल उतरवून." तिने बाळाच्या टोपीवरून हात फिरवला. "तू नीघ. बाळंतिणीने असं वाऱ्यात उभं राहू नये."

मी निघाले. काय करणार होते? हात धरून ओढत आणणार होते का तिला?

गाडीत खिडकीपाशी बसले. बाळाला उचलून काचेजवळ धरलं, म्हणजे आजीला दिसेल. आमची गाडी सुटेपर्यंत मी तसंच धरून ठेवलं होतं. आई मान वळवून, दादाकडची गाडी ज्या बाजूने येणार होती, तिकडे बघत होती.