अर्धं मिनिट गप्प बसलेलं सलून

टकळीला तिच्या खऱ्या नावाने ओळखायचा तो फक्त कॉलेजचा हजेरीपट. बाकी साऱ्या गल्लीत ती टकळीच. बोलायला शिकल्यापासून तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. झोपेतसुद्धा ही पोर दोन-चार जणांचा समाचार घेते, असं तिची आत्या सांगायची. आत्याने हे सांगावं म्हणजे कमालच, कारण पोरीने हा गुण उचलला होता तो आत्याकडूनच.

घर वर आणि खाली वडिलांचं केस कापायचं सलून. कॉलेजात रेडिओ-टीव्हीचं शिक्षण घ्यायचं, व्हिडिओ बनवायला शिकायचं, असं टकळीने जाहीर केलं तेव्हा वडिलांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला.

"बोलायला शिकायचं? तू?"

"बोलायला नाही बाबा. लोकांना बोलतं करायला."

"मग इथंच बस की. आमच्याकडे लोकांना गप्प करायला माणूस पाहिजे."

पण पोरीने हट्ट सोडला नाही. आपण कॅमेऱ्यासमोर छान साडी नेसून बातम्या सांगणार, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. पुढे गंमत झाली. आवाजाचा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात माइक दिला आणि म्हणाल्या, "जा, व्हरांड्यात फिरून ये." टकळी गेली ती तास संपला तरी परत येईना. शिपाई झाडू मारतोय, ग्रंथपाल पानं उलटतेय, नळाखाली कुणी बाटली भरतंय आणि भरता भरता तिचा सूर चढत चाललाय. इतकी वर्षं हे सगळं आपल्या बडबडीखाली दबून गेलं होतं की काय, असं तिला झालं. त्या दिवसापासून बातम्या आणि साडी दोन्ही मागे पडल्या. हेडफोन चढले की पोरीचं तोंड आपोआप बंद व्हायचं. हा चमत्कार बघून आत्या म्हणाली, "हे यंत्र बाजारात मिळतं का गं? तुझ्या बापासाठी एक आण."

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक छोटा माहितीपट करायचा होता. शहरातलं रेडिओ केंद्र दरवर्षी एका विद्यार्थ्याला शिकाऊ म्हणून घ्यायचं, आणि कुणाला घ्यायचं ते या मॅडमच्या शब्दावर ठरायचं. ती जागा टकळीला हवी होती. अगदी जीव टांगणीला लागावा इतकी हवी होती.

तिने वडिलांच्या सलूनवर फिल्म केली. तिथे बोलणाऱ्यांची काय वानवा! खुर्चीत शेजारच्या दुकानातले घड्याळजी, बाकावर निवृत्त कंडक्टर आणि जिन्याच्या दारात आत्या. कंडक्टरकाकांच्या डोक्यावर केस म्हणाल तर आठवणीपुरते उरले होते, तरी दर शनिवारी संध्याकाळी स्वारी हजर. आणि आत्यालाही नेमकं शनिवारीच खाली काहीतरी काम निघायचं. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आत्याचा नवरा जाऊन त्याहून जास्त. गल्लीला डोळे होते, तोंडं त्याहून जास्त होती. त्या दोघांना मात्र वाटायचं, कुणाला काही कळत नाही.

फिल्म झकास जमली. संकलनाच्या खोलीत मॅडमनी ती ऐकली. ऐकली म्हणजे खरंच ऐकली, डोळे मिटून.

"या दोन वाक्यांच्या मधे काय आहे?"

"काही नाही मॅडम. मधलं नको होतं ते कापलं."

"तेच तर. काहीच नाहीये. माणूस बोलता बोलता विहिरीत पडतो आणि पुन्हा वर येतो."

टकळीला आता आठवलं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंखा, नळ, लांबची रहदारी, सगळं मिळून त्या खोलीचा श्वास. सगळ्यांनी जागच्या जागी गप्प बसायचं आणि अर्धं मिनिट तो श्वास रेकॉर्ड करायचा. मग कापलेल्या जागांखाली तो अंथरला की सांधा कळत नाही. पहिल्या वर्षीचा धडा होता हा.

"बोलणं तेवढं गोळा केलंस, शांतता विसरलीस," मॅडम म्हणाल्या. "परवा सगळ्यांसमोर बघायचंय. असंच राहिलं तर त्या जागेसाठी तुझं नाव देता येणार नाही मला."

शनिवार होता, हे नशीब. टकळी धावत सलूनमध्ये आली, आधी सगळ्यांना बाहेर काढलं आणि रेकॉर्ड केलं. ऐकून बघते तर रिकाम्या टाकीत पंखा फिरावा तसा आवाज. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पिऊन घेतात. ती नसली की खोली वेगळीच बोलते. झालं, पुन्हा सगळे आत. घड्याळजी तोंडाला फेस लावून खुर्चीत, काका बाकावर, आत्या जिन्यात.

"फक्त अर्धं मिनिट. कुणी बोलायचं नाही."

"अर्धं मिनिट म्हणजे काहीच नाही," काका म्हणाले. "मी एकदा अख्खी फेरी..."

"काका!"

"श्श!" आत्या म्हणाली.

"तुम्ही कशाला श्श करता?" घड्याळजी फेसातून म्हणाले.

दुसऱ्या वेळी सगळे खरोखर गप्प बसले. मग काकांनी हळूच विचारलं, "सुरू झालं का?" तिसऱ्या वेळी बाबांना हसू फुटलं, ते बघून घड्याळजींना, आणि फेस उडाला तो थेट आरशावर. चौथ्या वेळी आत्याने सुस्कारा सोडला. "बाई बाई, मुक्या माणसांचं कसं होत असेल!"

टकळी रडकुंडीला आली. या माणसांना गप्प बसवणं म्हणजे उकळत्या दुधावर ताट झाकून ते खाली बसेल अशी आशा धरणं. कधी गप्प बसतात ही? कधीच नाही? तिने आठवून पाहिलं. बसतात. एकाच वेळी बसतात. दुसऱ्याबद्दल काहीतरी कळायचं असतं तेव्हा.

तिने रेकॉर्डर आरशाजवळ ठेवला, चालू केला आणि कुणाला काही न सांगता लॅपटॉप घेऊन काकांशेजारी बसली.

"काका, राहू दे ते. फिल्ममध्ये आत्या तुमच्याबद्दल काय म्हणाली ते ऐकायचंय?"

काकांनी हेडफोन जवळजवळ हिसकावून घेतले.

आणि सलून थिजलं. बाबांचा वस्तरा हवेत थांबला. घड्याळजींनी मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले. आत्या जिन्यावर उभी राहिली आणि कठड्याला धरून तशीच राहिली. आपण त्या दिवशी, काका नसताना, बोलण्याच्या भरात काय बोलून गेलो, ते तिला आत्ता आठवत होतं. सगळ्यांची नजर काकांच्या चेहऱ्यावर. पंखा घरघरत होता. नळ टपकत होता. लांब कुठेतरी एक गाडी वळण घेत होती. काकांच्या भुवया आधी वर गेल्या, मग खाली आल्या, मग त्यांनी चष्मा काढला.

फिल्ममध्ये आत्या म्हणाली होती, "केस कापायला थोडेच येतात ते? पण खरं सांगू, ज्या शनिवारी येत नाहीत ना, त्या दिवशी हे दुकान मला नुसतं फर्निचरचं वाटतं."

काकांनी हेडफोन उतरवले. टकळीने रेकॉर्डरकडे पाहिलं. अर्ध्या मिनिटाच्या वर झालं होतं.

"काय ऐकलंत?" आत्याचा आवाज बारीक झाला होता.

"विशेष काही नाही," काका म्हणाले. "फर्निचरबद्दल होतं."

"कार्टे!" आत्या कडाडली. "ते आधी काढून टाक!"

"तू म्हणशील तर काढते आत्या. पण मग फिल्ममध्ये उरलं काय?"

आत्याने काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला होता, तो पुसून होईना. मग आत्या जिना चढायला लागली आणि पाठ वळवूनच म्हणाली, "ठेवायचं तर ठेव. पण पदर नीट दिसतोय का तेवढं बघ."

सोमवारी सकाळी फिल्म संपली आणि दिवे लागले. मॅडमनी डोळे उघडले.

"खालची शांतता कुठली?"

"सलूनमधलीच, मॅडम."

"माणसं आत होती?"

"सगळी होती."

"श्वास रोखून बसल्यासारखी वाटतात. मी एवढ्या वर्षांत मुलांना हेच सांगत आले, आणि अशी भरलेली शांतता कुणी आणली नाही. सांगितलंस तरी काय त्यांना?"

"त्यांना काहीच सांगितलं नाही मॅडम. एकाला सांगितलं, बाकीच्यांना कळायचं होतं."

मॅडम इतक्या हसल्या की मागच्या रांगेतली मुलंही उगाच हसली. मग त्यांनी पर्स उघडली, फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांदेखत, रेडिओ केंद्राला टकळीचं नाव कळवलं.

टकळीने बाहेर येऊन घरी फोन लावला. "बाबा! मिळाली जागा!"

पलीकडे कात्री थांबली. बाबा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमची मुलगी रेडिओत लागली," आणि तेच पुन्हा जरा मोठ्याने म्हणाले, बहुधा रस्त्यासाठी.

"आत्याला द्या ना फोन."

"आत्या नाहीये. बाहेर गेलीय."

"कुठे?"

"मला काय विचारतेस? नवी साडी नेसून गेली." बाबांनी आवाज खाली आणला. "आणि ते कंडक्टर कोपऱ्यावर उभे होते म्हणे. घड्याळजींनी पाहिलंय. तू लवकर घरी ये, सगळं सांगतो."