डुकरिणीचं स्वप्न

जोन दोकमानला स्वप्नं पडायची आणि साबुक गावात ती कामाला यायची. तो खाणीत कोळसा काढायचा तेव्हा पहाटे वाईट स्वप्न पडलं की पाळीवर जायचं नाही, असा रिवाज होता. मुकादमही हुज्जत घालत नसे. पुढे खाण बंद पडली. गाव बर्फात रस्त्यावर बसलं, आम्हाला जगायला काहीतरी द्या म्हणालं, आणि सरकारने डोंगरावर कॅसिनो दिला. बसणाऱ्यांत दोकमान सर्वांत पुढे होता, घसा बसेपर्यंत ओरडला होता. मागितलं तेच मिळालं, आता तक्रार करायची कोणाकडे?

कॅसिनो आला तसा स्वप्नांना भाव आला. आग दिसली तर पैसा, डुक्कर दिसलं तर विचारूच नका. स्वप्न विकत घेता येतं हे तर पोरासोरांनाही ठाऊक. मात्र ते आधी कोणाला सांगितलेलं नसावं. घेणाऱ्याने काहीतरी किंमत द्यायची, ज्याला पडलं त्याने सगळं सांगून टाकायचं, की ते घेणाऱ्याचं. दोकमानने कितीतरी डुकरं वाडगाभर शेवयांवर विकली. मग एक दिवस त्याच्या मनात आलं, एवढं नशीब परक्यांना का वाटायचं?

गावकऱ्यांना महिन्यातून एकच दिवस कॅसिनोत सोडायचे, बाहेरच्यांना कितीतरी जास्त. दोकमानला तो पुरेना. म्हणून त्याने आपलं नाव गावाच्या नोंदीतून काढून वोन्जू शहरातल्या बहिणीच्या पत्त्यावर नेलं आणि घरी ताकास तूर लागू दिली नाही. निवडणूक आली. बायको ओकबुनबरोबर तो रांगेत उभा राहिला, आणि टेबलामागच्या मुलीने यादी दोनदा चाळून सांगितलं, "काका, तुमचं नाव इथे नाही." ज्या गावासाठी बर्फात बसला त्याच गावात हा पाहुणा ठरला. ओकबुन मत देऊन आली आणि घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी असं काही निघालं तर घरात मी पण नसेन." दुसऱ्या दिवशी दोकमान डोंगरावर गेला, फोटो काढून दिला, मला तीन वर्षं आत घेऊ नका म्हणून सही केली आणि नाव परत गावात आणलं.

त्या तीन वर्षांत त्याला एकही स्वप्न पडलं नाही. डोळा लागायचा तो थेट सकाळी उघडायचा, मधे काहीच नाही. याचं त्याला फार वाईट वाटे, पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

काल ती तीन वर्षं संपली, आणि आज पहाटे डुकरीण आली.

खाणीच्या बुजवलेल्या तोंडातून ती बाहेर पडली, काळीभोर, पोट जमिनीला टेकलेलं. मागे पिल्लं, किती ते मोजताच येईना. कोळशाने काळा वाहणारा जुना ओढा तिने ओलांडला आणि पाणी तिच्या पायांपाशी पांढरं झालं. तिच्यामागून खाणीतला दोस्त बोंगचोल चालत होता. तो बोगद्यात गाडला गेला त्याला तीस वर्षं झाली, पण टोपीवरचा दिवा अजून लागलेला. घरं दारं उघडून तिला वाट देत होती. डुकरीण दोकमानच्या स्वयंपाकघरात शिरली, लवंडली आणि तिने आपलं ऊन ऊन डोकं त्याच्या पावलांवर ठेवलं. दारातून बोंगचोलने हसून हात केला, चल.

जागा झाला तेव्हा पावलं खरंच ऊबदार होती. ओकबुन केव्हाच हॉटेलच्या भटारखान्यात कामावर गेली होती. तिने झाकून ठेवलेलं मुळ्याच्या पाल्याचं सूप त्याने उघडूनही पाहिलं नाही. तोंड उघडलं तर डुकरीण निघून जाईल असं त्याला वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशी पेकबाई भेटली. ही बुसानची, औषधांचं दुकान होतं म्हणे. दोन दिवस जुगार खेळायला साबुकला आली होती, त्याला अकरा वर्षं झाली.

"दादा, चेहरा सांगतोय," ती म्हणाली. "काय पाहिलंत? डुक्कर?"

"काही नाही."

"मला विका की. मागाल ते देईन."

"हे विकायचं नाही."

पेकबाई त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे स्वतःच निघालात," ती हळूच म्हणाली.

डोंगर धुक्यात होता. पिवळी पडलेली झाडं एकेक पुढे येत आणि मागे विरत. दोकमानला आपण चालतोय की अजून झोपेतच आहोत हे कळेना, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मुदत संपली तरी बंदी आपोआप उठत नसे. वरच्या कचेरीतल्या मुलीने दोन कागद दाखवले. एक बंदी उठवायचा, एक वाढवायचा. "उठवायची असेल तर अकराला जुगाराच्या व्यसनावर वर्ग आहे, दोन तास बसावं लागेल. मग झालं." तो बाहेर बाकावर अकराची वाट पाहत बसला.

धुक्यातून ओकबुन आली. अंगावर भटारखान्यातला एप्रन तसाच, धापा टाकत. पेकबाईने निरोप धाडला होता. ती शेजारी बसली, रागावली नाही.

"मिरानचे बाबा, मला विका."

"तुला कशाला?"

"लागतंय मला."

"देशील काय?"

तिने खिसा चाचपला. "उकडलेला बटाटा आहे."

"अगं, या स्वप्नाला लोक..."

"सकाळपासून उपाशी आहात. घ्या."

बटाटा अजून गरम होता. दोकमानने त्याच्याकडे पाहिलं, तिच्या लाल सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि खाल्ला. ओकबुनने एप्रनची दोन टोकं धरून तो मांडीवर पसरला. दोकमानने सगळं सांगितलं, ओढा, पिल्लं, पावलांवरचं डोकं.

"आणि बोंगचोलने बोलावलं?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसाने हात केला, आणि तुम्ही घराबाहेर पडलात? पूर्वी अशा दिवशी तुम्ही अंथरुणातून उठत नव्हतात."



ती एप्रन ओंजळीसारखा जपून धरत उठली, कठड्यापाशी गेली आणि तिने तो खाली दरीत झटकला. दोनदा झटकला. दोकमानचं हातातोंडाशी आलेलं सगळं नशीब धुक्यात जात होतं, आणि ते आता त्याचं नव्हतं.

"काय केलंस हे!"

"माझं होतं, उधळलं," ओकबुन म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही उधळलंत, मी हात धरला का?"

ती एप्रन नीट बांधून कामावर निघून गेली. काय करायचं ते सांगितलं नाही. दोकमान बराच वेळ धुक्याकडे बघत बसला. अकरा वाजले, वर्गाचं दार उघडलं, लोक आत गेले. मग तो उठला आणि मुलीकडे जाऊन त्याने दुसरा कागद मागितला.

"किती वर्षं, काका?"

"मी आहे तोवर," तो म्हणाला.