नाव न घेतलेलं झाड

त्या दिवशी पलूसच्या रानात भांगलायला आमी चौघी हुतो. माझी सासू, तिला मी आत्या म्हणायची, थोरली चुलत जाऊ सखू, शेजारची आमिना, आन मी. खुरप्यानं तोडलेल्या तणाचा हिरवा वास नाकात बसला हुता, तो आजबी येतो.

लढाईचा काळ. जोंधळा मिळंना, म्हणून तांदुळजा, घोळ असली रानभाजी पदराच्या वट्यात घालायची. उंदराच्या कानावाणी पान, ती उंदीरकानी. एका दांडीला एकच फूल, ती एकदांडी. ही नावं कुणी ठिवली असतील? अशीच कुणी कंबर मोडस्तवर वाकल्याली बाई असंल, तिला पान जवळनं दिसलं.

बांधावर एक झाड हुतं. पाडव्याला ज्याचा पाला चावत्यात, ते. आत्याची आधीची दोन पोरं दगावली, म्हणून तिसऱ्याला त्या झाडाचं नाव दिलं; कडू असलं की काळ तोंड लावत न्हाई. तेच आमचे मालक. बायकूनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं, म्हणून मी झाडालाबी नुसतं कडू म्हणायची.

मालक ब्रह्मदेशात लढाईवर. पाऊसकाळ सरला तरी कागद न्हाई.

दुपारी मी म्हणलं, "चला, कडूखाली बसू."

आमिना हसली. "लाजाळू रानात कशाला हुडकायची? ही काय हितं हाय."

सखूनं भाकरी मोडली. "आता घे की नाव. कागद न्हाई, पत्तर न्हाई. कुणाचं आयुष्य जपतीस?"

आमिनाचा घास हातातच ऱ्हायला.

आत्यानं स्वतःची चटणी माझ्या भाकरीवर ठिवली. म्हणली, "तिला कडूच म्हणू दे, सखू. ती म्हणती तवर माझं पोरगं हाय."

उठताना सखू मला म्हणली, "खुरपं कडूखाली ऱ्हायलं बघ तुझं." तवापासनं तीबी कडूच म्हणाय लागली. मग आमिना, मग सगळी आळी. आज तिथली पोरं कडूच म्हणत्यात, का ते त्यांला ठावं न्हाई.

लढाई संपली. दुसरी माणसं आली, मालक आलं न्हाईत. मेल्याचा कागद कुणी आणला न्हाई, म्हणून मी कुंकू पुसलं न्हाई. आता आत्या न्हाई, सखू न्हाई. वय धरलं तर तेबी नसणार, एवढं मला कळतं. पर जीभ वळत न्हाई.

तुमच्या दारात ते झाड असंल तर खाली उभं ऱ्हा आन त्याचं खरं नाव एकदा मोठ्यानं घ्या. माझ्या तोंडनं ते निघायचं न्हाई.