दुसऱ्या नावाचं बाळ

माझ्या भावजयीला दोन नावं आहेत आणि त्यातलं दुसरं माझ्या हट्टाने पडलेलं आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, ते काय लिहायचं हे भावाला मी सांगितलं. तिचं माहेरचं नाव मला आवडलं नव्हतं, एवढंच कारण. मोठी बहीण म्हणून माझं घरात चालायचंही फार. सगळे तिला नव्या नावाने हाक मारायला लागले. सर्टिफिकेटं, बँक, ऑफिस, तिकडे मात्र ती जुन्याच नावाची राहिली. दिल्लीत हे कुणाला समजावून सांगायला गेलं की लोक विचारायचे, "अच्छा, मतलब दो शादियाँ?"

भाऊ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका नव्या कंपनीत लागला होता. परदेशी कंपन्या येत होत्या, गुडगावात मोहरीच्या शेतांत इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्याच एकीत त्यांचा फ्लॅट होता. जवळच एक चकचकीत नर्सिंग होम निघालं होतं. संगमरवरी फरशी, खोलीत एसी, उशाशी फळांची टोपली. तिथे सिझेरियन होऊन मुलगा झाला. त्याच्या तोंडाला सारखा फेस येत राहिला आणि सकाळी पहिला चमचा दूध पाजताच तो निळा पडला. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पाहिली, ती छातीपाशीच अडली. अन्ननलिका मध्येच बंद होती, पोटापर्यंत पोचतच नव्हती. अशा बाळाला पाजलेलं दूध फुप्फुसात जातं, थेंबही देऊ नका, असं त्यांनी भावाला दोनदा बजावलं. एवढ्या तान्ह्या जिवाचं ऑपरेशन करणारं तिथे कुणीच नव्हतं. भावजयीला तिथेच ठेवून बाळाला दिल्लीतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं ठरलं.

भावाने मला ऑफिसात फोन केला. मी दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सरकारी नोकरीत होते. रांगा आणि फॉर्म या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. ऑटो करून अँब्युलन्सच्या आधी पोचले, रांगेत घुसले, कार्ड काढलं, फाइल बनवून घेतली. बाळाच्या आईचं नाव विचारल्यावर सवयीने घरातलं सांगितलं. भाऊ इमर्जन्सीच्या दाराने आत गेला, त्याच्या हातातल्या नर्सिंग होमच्या चिठ्ठीवर भावजयीचं माहेरचं नाव होतं. वॉर्डात गाठ पडली तेव्हा तो म्हणाला, "ताई, अ‍ॅडमिशन झालंय. माझ्याकडे फाइल आहे."

"असू दे की, दोन असलेल्या बऱ्या," मी म्हटलं आणि माझी फाइल सिस्टरच्या टेबलावर ठेवून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या वॉर्डातल्या बाळांना नाव नसतं. पायाला चिकटपट्टी आणि तिच्यावर आईचं नाव. अमकीचं बाळ, तमकीचं बाळ. कुणाचं पोट उघडं, कुणाच्या पाठीवर फुगा. मी सर्वांत घाबरले ते शांततेला. एका खोलीत इतकी मुलं आणि रडणं जवळजवळ नाहीच. रडायला जी ताकद लागते ती त्यांच्यापाशी नव्हती.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सात वाजता मला गाऊन घालून आत सोडलं. आमच्या बाळाच्या तोंडातला फेस नळीने ओढून घेत होते. शेजारचा पाळणा रिकामा होता. त्याच्यावरची पट्टी मी सहज वाचली. भावजयीचं सासरचं नाव, खाली माझ्या भावाचं नाव.

चादरीला मधोमध लहानसा खळगा पडला होता. हात लावला तर ऊबदार लागला. बाजूला स्टीलची वाटी आणि चमचा, वाटीच्या तळाला दुधाची साय वाळलेली. चार्टवर आदल्या दुपारपासून दर दोन तासांची नोंद होती, दूध इतकं दिलं, सगळं प्यायलं. एकही चौकोन मोकळा नव्हता.

हा चार्ट कुठून आला ते मला कळलं. ती माझी फाइल होती. त्यावर कुणीतरी नेहमीप्रमाणे दूध लिहून टाकलं होतं आणि ते आमच्याच बाळाच्या तोंडात गेलं असणार. मी ओरडले. सर्जन बाई धावत आल्या.

"दूध किसने पिलाया?"

रात्रपाळीची सिस्टर खांद्याला पर्स लावून निघतच होती. "मैंने. चार्ट पे लिखा था."

"इस बच्चे को?"

तिने आमच्या बाळाकडे नीट पाहिलं. "नहीं मॅडम, ये तो लड़का है. वो लड़की थी. इस बगलवाले पालने में थी. कितने अच्छे से पी रही थी."

आम्ही सगळ्यांनी रिकाम्या पाळण्याकडे पाहिलं. सर्जन बाईंनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, एक्स-रेचं मशीन ओढून आणवलं. फुप्फुसात दूध असेल तर आज ऑपरेशन नाही, आणि उद्याचं काही सांगता येत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. तो अर्धा तास मी त्या पाळण्याकडे तोंड करून उभी होते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्याच्याकडे पाठ करायची माझी छाती होईना.

फुप्फुसं स्वच्छ निघाली.

तीन तासांनी बाई ऑपरेशन आटोपून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जुड़ गया." जीव भांड्यात पडला. भाऊ जिन्यात बसून हमसून रडला, त्याला गप्प करता करता मीही रडले.

बाराव्या दिवशी बाळाला घरी सोडलं. खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, दुसरी फाइलही बंद करावी लागेल. बंद करायचे रकाने दोनच होते, घरी नेलं किंवा मयत. भाऊ बाळाला घेऊन ताटकळला होता. "ताई, काहीही लिही यार, चल." भावजयीच्या नावापुढे तो दुसरा शब्द माझ्याने लिहवेना. मी घरी नेल्याच्या रकान्यात सही केली. वॉर्डातून आलेल्या त्या कागदावर 'मुलगी' असं आधीच भरलेलं होतं. नात्याच्या जागी 'आत्या' लिहिलं.

संध्याकाळी गुडगावला भावजय बाळाला पाजत बसली होती. मी हा सगळा प्रकार तिला तिखटमीठ लावून सांगितला. ती हसली नाही.

"ताई, मग ती कुणाची होती?"

"कोण ती?"

"दूध प्यायली ती. जागा रिकामी दिसली म्हणून कुणीतरी ठेवली असेल ना तिथे? टाकून दिलेलीही असेल. कुठे गेली?"

बारा दिवस मी त्या वॉर्डाच्या दाराशी बसले होते आणि हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आमचा प्यायला नाही, याच आनंदात मी होते. मला स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. त्या सिस्टरची ड्यूटी बदलली होती, पाळण्यात दुसरंच कुणाचं तरी बाळ होतं. मग खिडकीपाशी रांग लावली. क्लार्कने फाइल शोधून काढली, माझ्याकडे वळवली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"मॅडम, बच्ची को तो आप ही ले गई हैं."