वहीबाहेरचा चोर

बाइंडरबाईंच्या स्वेटरची बटणं गेले सहा महिने त्यांचे यजमान लावत होते. सकाळी दोघं खिडकीशी उभे राहत. यजमान खालून सुरुवात करत आणि हटकून एक काज चुकवत. शेवटी गळ्याशी एक बटण शिल्लक राही.

"हे जास्तीचं दिलंय बघ शिंप्यानं," ते म्हणत.

बाई हसत, पण स्वतःच्या बोटांकडे बघणं टाळत. बोटं सुजून वांग्यासारखी तकतकीत झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संधिवात आहे, आणि तोही असा, की शरीराचा पहारेकरीच घरच्या माणसांवर काठी उगारतो. गोळ्या सुरू झाल्या, ठणका निम्मा झाला. पण उरलेला निम्माही पुस्तकं बांधणाऱ्या बाईला पुरेसा होता. सोळा पानांची घडी सुईनं शिवायची, तर सुईच चिमटीत राहीना.

घराच्या खालीच बाइंडिंगचं दुकान. सासऱ्यांनी थाटलेलं, बाईंनी वाढवलेलं. मधोमध कागद कापायचं ओतीव लोखंडाचं यंत्र. त्यावर पलीकडच्या गल्लीतल्या छापखानेवाल्याचा डोळा होता. "वहिनी, हात चालत नसतील तर यंत्र मला द्या. पडून गंजण्यापेक्षा बरं." तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं. बाईंनी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. यंत्र गेलं की दुकान गेलं, हे नवराबायको दोघांनाही कळत होतं.

नणंदेनं फोनवर उपाय सांगितला, "वहिनी, गोळ्या फेका आणि वर्षभर नुसत्या उकडलेल्या भाज्या खा. माझ्या शेजारणीचं सगळं गेलं."

"काय गेलं?"

"वजन गेलं, चिडचिड गेली..."

"आणि दुखणं?"

"ते विचारायला हवं."

डॉक्टरांनी मात्र आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मुलगी तिशीची, बोलण्यात खटकेबाज. यजमानांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'फौजदारीण' ठेवलं.

"काकू, आधीच सांगते," ती म्हणाली, "खाण्यानं सगळ्यांचंच दुखणं वाढतं असं नाही. काहींचं वाढतं. तुमचं वाढतं का, एवढंच शोधायचंय. गोळ्या चालूच राहतील. त्यांना हात लावलात तर मी तुमची केस सोडली."

तिनं चारच गोष्टी बंद केल्या: गहू, दूध, अंडी, शेंगदाणे.

"चारच?" यजमान म्हणाले. "आमच्या ताईनं तर जगच बंद करायला सांगितलंय."

"सगळं एकदम बंद केलं की माणूस आठव्या दिवशी बेकरीत सापडतो. चार आठवडे हे चार बंद. बाकी पोटभर खायचं. भात, बटाटे, मासे, भाज्या, फळं. उपाशी राहायचं नाही. आणि सुरुवात कधी करायची ते ठरवून करा. घरात पाहुणे, प्रवास, लग्नकार्य असलं की नको."

शिवाय रोज वही लिहायची. काय खाल्लं, झोप कशी लागली, आणि सकाळी मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागली.

वहीचं तेवढं बाईंना आवडलं. त्यांनी उरल्यासुरल्या कागदांची एक छान वही बांधली, दुखत्या हातांनीच. यजमानांनी भिंग घेऊन फडताळातला एकेक डबा तपासला. सॉसमध्ये गव्हाचं पीठ निघालं, सुपाच्या पाकिटात दुधाची भुकटी. "अगं, हे लोक मिठात तरी मीठ घालतात का?" असं म्हणत त्यांनी सगळं एका खोक्यात भरलं आणि खोक्यावर 'संशयित' असं लिहिलं.

तीन आठवडे बाईंनी पावाच्या तुकड्याला शिवलं नाही. चहा बिनदुधाचा. यजमान समोर बसून पाव खायचे तेही दाराआड जाऊन खाऊ लागले. पण वहीतला आकडा हलेना. नव्वद मिनिटं, पंच्याऐंशी, पुन्हा नव्वद.

"माझं नशीबच सुजलंय," बाई म्हणाल्या. छापखानेवाल्याला काय सांगायचं, याची त्यांनी मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली.

फौजदारिणीनं वही दोनदा वाचली. "काकू, वही चोख आहे. म्हणजे एकतर चोर या चौघांत नाही, नाहीतर तो वहीबाहेर आहे. तुम्ही काम करता ते मला बघायचंय."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आली आणि स्टुलावर बसली. बाई एका चामडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवत होत्या. वाटीतल्या पातळशा द्रवात बारीक ब्रश बुडवायचा, ओठांत धरून टोक काढायचं, अक्षरावरून फिरवायचं, वर सोनेरी वर्ख ठेवून दाबायचं. पुन्हा बुडवायचा, पुन्हा ओठांत.

"वाटीत काय आहे, काकू?"

"अंड्याचा पांढरा बलक. त्याशिवाय वर्ख धरत नाही."

"अंडं बंद आहे ना?"

"बंद म्हणजे बंद! तीन आठवड्यांत खाल्लं असेल तर शप्पथ." आणि बाईंनी ब्रश पुन्हा ओठांत धरला.

बाईंनी मग पानं मोजायला घेतली. बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं. बोटावर वाळलेला पांढरा पापुद्रा होता.

"आणि हे?"

"खळ. चिकटवायची."

"कशाची?"

"मैद्याची. आमच्या सासऱ्यांपासून..." बाई मध्येच थांबल्या. बोट तोंडापाशीच राहिलं.

आधी फौजदारिणीला हसू फुटलं, मग बाईंना. इतकं, की यजमान जिन्यावरून धावत खाली आले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" ते म्हणाले. "मी तिकडे दाराआड पाव खातोय, आणि ही इथे दिवसभर टेबल चाटतेय!"

"एवढ्याशानं दुखणं वाढतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "पण परीक्षा द्यायची तर कॉपी नको. पहिल्यापासून सुरू करू."

तीस वर्षांची सवय जिभेवरून उतरेना. बाईंनी ओला स्पंज ठेवला, तरी बोट तोंडाकडेच जाई. शेवटी यजमानांनी त्यांच्या नाकातोंडावर रुमाल बांधला. गिऱ्हाइकं विचारत, "बाई, दरोडा घालायला निघालात का?"

दहाव्या दिवशी वहीत साठ मिनिटं आली. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस वीस. आपण चुकलो तर नाही ना, म्हणून बाईंनी घड्याळ बदलून पाहिलं.

मग चौघांना एकेक करून परत बोलवायचं होतं. सकाळी थोडं, संध्याकाळी जरा जास्त, पुढे तीन दिवस नुसती वाट बघायची. दूध आलं, काही झालं नाही. शेंगदाणे आले, काही नाही. गव्हाच्या दिवशी बाईंना घास गिळवेना. गहू चोर निघाला तर पाव जाणार, आणि सासऱ्यांची खळही दुकानातून हद्दपार होणार. तीन दिवस गेले. मूठ वीस मिनिटांतच वळली.

"गहू सुटला!" यजमान टेबलाशी बसून उघडपणे पाव खाऊ लागले.

शेवटी अंडं आलं. दुसऱ्याच सकाळी बोटं तटतटली. नव्वद मिनिटं.

दुखत होतं, तरी बाईंचा चेहरा उजळला. "सापडला," त्या म्हणाल्या. "एकटाच होता."

"मी एकदा खात्री करते, महिन्याभरानं परत बघू," फौजदारीण फोनवर म्हणाली. "तोवर अंडं बंद, बाकी सगळं मोकळं. आणि वर्खासाठी दुसरं काही शोधा."

तसं बिनअंड्याचं मिश्रण बाजारात तयार मिळतं, हे बाईंना ठाऊक होतं. सासरे त्याला नावं ठेवत, म्हणून कधी आणलं नव्हतं.

सूज उतरायला आठवडा लागला. मुदतीच्या दिवशी छापखानेवाल्याचा फोन आला. "वहिनी, यंत्र न्यायला गाडी कधी पाठवू?"

"गाडी पाठवा," बाई म्हणाल्या. "तुमचे कागद भरून पाठवा. उद्या कापून देते."

फोन ठेवून त्या वर गेल्या. यजमान सवयीनं खिडकीशी येऊन उभे होते. बाईंच्या स्वेटरची बटणं लागलेली होती, वरपासून खालपर्यंत, बरोबर. यजमानांनी गळ्याशी बोट लावून वरचं बटण चाचपून पाहिलं.

"मग मी आता सकाळी काय करायचं?"

"चहा करा," बाई म्हणाल्या. "दुधाचा."