डब्यावरची ओळ

मेडिकलच्या दुकानात माझ्यापुढे उभी असलेली बाई मुलांच्या दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरीचा डबा हातात धरून त्यावरची ओळ बोट फिरवत वाचत होती. ‘आई म्हणून तुम्ही कुठे कमी तर पडत नाही ना?’

ही ओळ माझी. “आधी भीती घाल, मग डबा दाखव,” असं आमच्या जाहिरात कंपनीतले साहेब म्हणाले होते, आणि ओळ ऐकून त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला होता. मीही निर्लज्जपणे टाळी दिली. धडधाकट माणसाला दुखणं चिकटवायचं आणि वर त्याचंच औषध विकायचं, याला आमच्या धंद्यात प्रतिभा म्हणतात!

बाईची मुलगी दुकानाच्या पायरीवर लंगडी घालत होती. दम लागेल तर शपथ. बाईने वळून तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. स्वतःच्या हाताने भरवून वाढवलेल्या पोरीकडे ती संशयाने बघत होती.

“कशाला घेताय? ठणठणीत आहे पोरगी,” मी जवळजवळ खेकसलोच.

“लिहिणाऱ्यांनी काही विचार करूनच लिहिलं असेल ना, दादा,” ती म्हणाली.

डबा पिशवीत टाकून तिने मुलीचा दंड धरला. “पुरे आता उड्या. दमशील.”